आठ कोअर आणि माझी देखरेख

३ जून, सकाळ
रिटायर होऊन महिना झाला. घरात तुमचा काही उपयोग नाही, असं सौ. हसत म्हणाली. हसत म्हणाली, पण लागलं. आजपासून मी विज्ञानाच्या सेवेत! मेव्हण्याने सुचवलेलं सॉफ्टवेअर टाकलं. आपल्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ शास्त्रज्ञांना आकडेमोडीसाठी द्यायचा, फुकट. नव्या औषधांसाठी म्हणे. केलेल्या कामाचे गुणही मिळतात. मेव्हण्याचं मशीन जुनाट, दोन कोअरचं, म्हणजे आकडेमोड करणारे मेंदू दोनच. माझं आठ. आठवड्यात त्याला मागे टाकतो.

दुपार
बघतो तर आठातला एकच कोअर कामाला, सात आरामात. अगदी आमचं ऑफिस! सेटिंगमध्ये जाऊन सगळे कामाला लावले. खालच्या चौकटींतही सरसकट टिक मारल्या. अर्धवट काम मला आवडत नाही.

४ जून
गुण शून्य. स्क्रीनवर कोअरगणिक एक ओळ, आठही ओळींपुढे 'काम थांबले आहे'. रात्री मशीन बंदच ठेवतो, वीज काही फुकट नाही. माऊस हलवून बघितला, ढिम्म. सेक्शन सांभाळण्यात जन्म गेला माझा, कामचुकार लांबून ओळखतो. उद्यापासून समोर खुर्ची टाकून बसणार.

५ जून
सकाळपासून पहारा. ताटही इथेच मागवलं. घडीघडी माऊस हलवून जाग आणतोय, तरी काम शून्य. लेक म्हणाली, बाबा, जरा उठा ना तिथून. हल्लीच्या पोरांना देखरेख म्हणजे काय ते कळत नाही.
मेव्हण्याचे गुण वाढतायत. आणि तो स्वतः परगावी! नक्की काहीतरी लबाडी.

६ जून
दाढ काढली. गाल टम्म. आडवा झालो. मशीन बंद करायचंही राहिलं, चालूच, वाऱ्यावर. विज्ञानाचं कसं होणार?

८ जून
उठलो. गुणच गुण! मेव्हणा मागे! आनंदाने माऊस धरला आणि आठही ओळी थांबल्या, माझ्या डोळ्यांदेखत. लेकीने सेटिंग उघडून दाखवलं: 'कॉम्प्युटर वापरात असताना काम थांबवा.' टिक माझीच. (अक्षरं फार बारीक आहेत.)
लेक म्हणाली, काढून टाकते. सौ. म्हणाली, राहू दे, चांगली आहे. वर म्हणाली, तुमचा हेडक्लार्क सांगायचा, साहेब रजेवर गेले की फायली भराभर निघतात. मला आपली ती त्याची थट्टा वाटायची, म्हणाली.
मी गाल धरून आत गेलो. काढलेल्या दाढेची जागा दुखत होती.

९ जून
दिवसभर बागेत बाकावर बसून आलो. मानवजातीसाठी. निघताना सौ.ने न मागता चहाचा थर्मास हातात दिला. मला वाटलं, दोन कप असेल. अंधार पडेपर्यंत पुरला.