ज्वारीच्या बिअरचा वास

पुणे

आव्वा, बसूचं शरणार्थी, पाया पडतो.

मी बरा हाय. हॉटेलातलं काम बी बरं चाललंय. हितं बिअर हॉटेलातच बनवत्यात, आन् पुण्याची भारी का बेंगळुरूची, यावर गिऱ्हाईकं रोज भांडत्यात.

काल मालकानं आपल्या सोलापूरच्या ज्वारीची बिअर काढली. एकानं घोट घेऊन ग्लास बाजूला सरकवला. "हिला भाकरीचा वास येतोय," म्हणाला. सगळे हसले.

शेजारची काव्याताई फोनवर सांगत होती, अर्धांगानं गेलेला तुझा हात अजून वळत न्हाय, भाकरी थापता येत न्हाय म्हणून घरी कडक भाकरीची पाकिटं आणता. खरं हाय का? हाताला तेल लावतीस न्हवं?

तो ग्लास मी आत नेला. प्यालो न्हाय, तुझी शपथ. नुसता नाकाशी धरून उभा राहिलो. मोरीत ओतायला हात धजंना.

तुझाच लेक,
बसू