रामलाल, गाय आणि कलम ४४१

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
रविवार, २९ मार्च १९९८

तीर्थस्वरूप दत्तादादांना धाकट्या चुलतभावाचा, सूर्यकांतचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली असल्यामुळे आठांपैकी पाचच अंगांनी घातला आहे, उरलेली तीन अंगं अमरावतीला आल्यावर.) वहिनींचा गुडघा कसा आहे? आणि आपला खोकला? कोर्टात युक्तिवाद करताना खोकला आला की न्यायाधीश तो मुद्दा समजून टिपून घेतात, असं आपण लिहिलं होतं. तरी औषध घ्यावं.

पत्राचं कारण आभार. दोन वर्षांपूर्वी आपण आपल्या लेकीला, चि. विनयाला, एलएल.एम. करायला दिल्लीला पाठवलंत, तेव्हा मी आपल्याला चार पानी पत्र लिहिलं होतं. मुलीच्या जातीने मुनिरकात भाड्याच्या खोलीत एकटीने राहणं कसं अयोग्य आहे, याचे त्यात अकरा मुद्दे होते. ते पत्र कृपया फाडून टाकावं. आपल्या सवयीप्रमाणे फाइलला लावलं असेल, तर त्यावर 'रद्द' असं लिहून खाली माझ्या नावाची सही आपणच करावी. माझी हरकत नाही.

घडलं ते असं. आमच्या देविकाने बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याच्या कॉलेजात जायचं ठरवलं आहे. जागा ऐंशी. प्रवेश परीक्षा मेच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे दहा तारखेला. सध्या इथे प्रत्येकाला वकील हवा आहे. परदेशी कंपन्या येताहेत, गुडगावात शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहताहेत, आणि करारनामे वाचणारा माणूस कुठेही सापडत नाही म्हणतात. (मी आहे. मला कुणी विचारलं नाही.) पण देविकाचं कारण वेगळं आहे. ती एकदा मला म्हणाली, "बाबा, तुम्ही कायदा फुटपाथवरून शिकलात. मी वर्गात बसून शिकते, चलेगा?" आपल्याला ठाऊक आहे, अण्णांचं पितृछत्र हरपलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि दुसऱ्या महिन्यात नोकरीला लागलो. तिचं हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी फळा घेऊन आलो.

आपण सनदी वकील. मी दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात जुनी पुस्तकं घेऊन घडलेला. तरी मंत्रालयात रजेचा, पेन्शनचा, खातेनिहाय चौकशीचा कुठलाही नियम अडला की माणसं माझ्याच टेबलाशी येतात, हे नमूद करतो. त्या अधिकाराने मी देविकाला आणि क्वार्टर्समधल्या मानस व अंशुमन या तिच्या दोन मित्रांना शिकवायला घेतलं. चार महिन्यांत करार कायदा संपूर्ण, दंडसंहिता कलम ५११ पर्यंत, अपवादांसकट. उत्तरपत्रिकेला पट्टीने समास, पानाला क्रमांक, आणि शंका आली तर समासात नम्र शब्दांत टिपणी, ही शिस्त लावली.

एक फेब्रुवारीला एका खासगी क्लासची सराव परीक्षा झाली. दोनशे बारा मुलं बसली. मानस दोनशे नववा, अंशुमन दोनशे दहावा, देविका दोनशे अकरावी. (दोनशे बारावा मुलगा पोटात दुखतं म्हणून पंधराव्या मिनिटाला उठून गेला होता.)

मी पेपर तपासणाऱ्यांवर तक्रार लिहायला घेतली. परिच्छेद सातपर्यंत आलो होतो, तेवढ्यात विनया तिळाच्या वड्या घेऊन आली. तिने तिघांचे पेपर वाचले आणि हसत सुटली. प्रश्न असा होता. तत्त्व: दुसऱ्याच्या जमिनीत जो पाऊल टाकतो तो दोषी, हेतू पाहायचा नाही. घटना: गाय मागे लागली म्हणून रामलाल शेजाऱ्याच्या कुंपणावरून उडी मारतो. रामलाल दोषी की निर्दोष? आता दादा, कलम ४४१ आपल्याला तोंडपाठ आहे. हेतू नसेल तर गुन्हा कसला? तिघांनीही रामलालला सोडला. शिवाय अंशुमनने समासात 'गाय कोणाची, याचा खुलासा मागवावा' असं लिहिलं, देविकाने 'कृपया चर्चा करावी' असं, आणि मानसने 'प्रश्न सदोष आहे, सुधारून पुन्हा सादर करावा' असा शेरा मारून सही ठोकली. पन्नासांपैकी बाराच प्रश्न झाले होते. उरलेला वेळ समास आखण्यात गेला होता.

विनया म्हणाली, "काका, यांनी लिहिलेला कायदा अगदी बरोबर आहे. म्हणून तर सगळं चुकलंय." तिचं म्हणणं, या परीक्षेत आधी कायदा यावाच लागत नाही. पेपरवाला जे तत्त्व देईल तेच त्या घटनेपुरतं खरं धरायचं, मग ते कितीही गाढवपणाचं असो. आपलं ज्ञान बाहेर चपलांपाशी ठेवून यायचं. मी म्हटलं, अगं पण निरपराध माणूस अडकतो! "अडकू दे. तुम्ही काय रामलालचं वकीलपत्र घेतलंय?" स्वयंपाकघरातून आमच्या सौ. लताने भर घातली, की एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या फाइली वाचल्या, स्वतःच्या पोरीच्या पेपरावरच्या सूचना नाही वाचल्या. सूचना पहिल्याच पानावर होत्या, दादा. ठळक अक्षरात. पहिलं पान मुलांना मी समास आखण्यासाठीच ठेवायला सांगितलं होतं.

त्या दिवसापासून विनया दर रविवारी दोन बसेस बदलून येते. मी शिकवलेलं मुलांच्या डोक्यातून काढायला तिला सहा रविवार लागले (मी नीट शिकवलं होतं याचा हा पुरावा). बोर्डाचे पेपर बुधवारी संपले. काल देविकाने पन्नासांपैकी एकेचाळीस प्रश्न बरोबर सोडवले आणि रामलालला दोनदा तुरुंगात पाठवलं. ते पाहून माझे डोळे भरून आले. आपण माझे अकरा मुद्दे ऐकले असते तर आज माझ्या मुलीचं काय झालं असतं, या विचाराने आपल्यापुढे हात जोडतो.

वहिनींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

आपला
सूर्यकांत

ता. क. १. विनयाकडून कळलं, की तिला पाहायला पुण्याचे लोक येणार म्हणून आपण तिला एकोणीस एप्रिलला सामानासकट बोलावलं आहे. वडीलधाऱ्यांच्या निर्णयात मी कधी पडत नाही (वरचे अकरा मुद्दे सोडून). पण दहा मेपर्यंत पाहुण्यांना थोपवता येईल का? अजून निबंध आणि तर्क बाकी आहेत. मुलगा चांगला असेल तर तीन आठवडे टिकेल.

ता. क. २. विनया यातलं काही म्हणालेली नाही. 'जायलाच हवं का, काका?' एवढंच एकदा म्हणाली, तेही खिडकीकडे बघत. आपण वकील आहात, अर्थ लावाल.

ता. क. ३. एक गोष्ट फक्त आपल्यात. मागच्या रविवारी मी मुलांचा सराव पेपर चोरून सोडवला आणि वर मानसचं नाव घालून गठ्ठ्यात सरकवला. पन्नासांपैकी चौदा. विनयाने तो तपासून परत दिला. खाली लिहिलं होतं: 'मानस, तुला दर रविवारी एक तास जादा. येताना चष्मा विसरू नकोस.' मानसला चष्मा नाही. तेव्हा दादा, दहा मेऐवजी जूनअखेरपर्यंत जमलं तर पाहावं.