पंखा, कपाट, चहाचं यंत्र आणि आपली आई

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर, गुडघे अजून त्या मताचे नाहीत.) तुझा रक्तदाब, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या जिन्यातला तो दिवा, तिघंही ठीक असतील अशी आशा करते. इकडे आई ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत, की मलाच मधूनमधून आडवं व्हावं लागतं. हे पत्र खुर्चीत नीट बसून वाच आणि भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, निदान पहिल्यांदा तरी. कारण मला जबर धक्का बसलेला आहे, आणि धक्का देणारा हात तुझा आहे असा माझा दाट संशय आहे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन मी विद्यापीठात तत्त्वज्ञान, राजकारण आणि नीतिशास्त्र घेतलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, की गुडघे दुखायच्या वयात डोकं कशाला दुखवून घेतेस. मी ऐकलं नाही. मला वाटलं, जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता स्वतः चार शब्द बोलावेत. तर पहिला धक्का हा, की इथे उत्तर सांगतच नाहीत! मॅडमनी (तुझ्या थोरलीच्या वयाच्या असतील) एक दिवस विचारलं, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळावा की नाही? मी ताडकन उभी राहून म्हटलं, पाळावाच. मागच्या बाकावर एक कुरळ्या केसांचा मुलगा बसतो, त्यानं विचारलं, ‘का?’ ताई, आपल्या घरात कुणी कधी ‘का’ विचारलं होतं का गं? तासभर भवति न भवति झाली. शेवटी शेवटी तर मीच माझ्याविरुद्ध बोलायला लागले होते. एवढं झाल्यावर मॅडमनी ‘छान’ म्हणून फळा पुसला आणि निघून गेल्या. मी त्यांच्या मागोमाग त्यांच्या खोलीपर्यंत गेले, म्हटलं, पण मग शेवटी पाळायचा की नाही? त्यांनी मला बिस्कीट दिलं.

घरी तर त्याहून आनंद आहे. आईला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी पुस्तक मोठ्यानं वाचते. पानागणिक ती विचारते, ‘मग निकाल काय लागला?’ मी म्हणते, अजून वाद चालू आहे. ती म्हणते, ‘एवढी शिकलेली माणसं आणि एवढंसं ठरेना?’ आणि मग ती स्वतःच निकाल देऊन मोकळी होते. न्यायावरचा निबंध मी तिच्या निकालाप्रमाणे लिहिला (तिनं पानभर मजकूर खोडायला लावला!) आणि जेमतेम पास झाले. तिचं म्हणणं, तपासणारा अन्यायी आहे. बरोबरीनं अभ्यास करायला म्हणून वर्गातली मुलं घरी येतात, तर जाड चष्म्याची ती मुलगी दारात मला ‘येऊ ना?’ एवढंच म्हणते आणि थेट आईच्या पलंगावर जाऊन बसते. आत हास्यकल्लोळ चाललेला असतो आणि मी माझ्याच घरात चहा गाळत उभी. परीक्षा तोंडावर आली आहे, ताई. माझं एक पुस्तक धड वाचून झालेलं नाही. आई इथे असेतोवर ते होणार नाही हे मला दिसतंय, आणि ती इथे कशी आली याचाच उलगडा मला काल झाला.

काल राजकारणाचा तास होता. विभागाच्या खोलीसाठी कुणीतरी देणगी दिली आहे. तीत एकच वस्तू येते: पंखा, कपाट किंवा चहाचं यंत्र. मॅडम म्हणाल्या, चला, मतदान घेऊ. आधी पंखा की कपाट, असं विचारलं. कपाटाला जास्त हात. मग कपाट की चहाचं यंत्र? यंत्र जिंकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, आता हेच जरा उलट क्रमानं करू. आधी कपाट की यंत्र, मग जिंकेल त्याची पंख्याशी गाठ. आणि काय सांगू, पंखा जिंकला! तीच माणसं, तेच हात. कुणाचं मत बदललेलं नाही, कुणी उठून गेलेलं नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की पुष्कळदा काय जिंकणार हे मत देणारा ठरवत नाही, कुठला प्रश्न आधी विचारायचा ते ठरवणारा ठरवतो. मी भर वर्गात ओरडले, ‘अगं बाई, आमची आई!’

अख्खा वर्ग मागे वळून बघायला लागला. कुरळ्यानं मला पाणी आणून दिलं. मग काय, मला फळ्यापाशी जाऊन सगळं सांगावं लागलं. तूही आता आठव. बाबा गेल्यानंतर आपण तिघं तुझ्या घरी बसलो होतो, आईनं कुणाकडे राहायचं ते ठरवायला. दादा म्हणत होता, माझ्याकडे, नाहीतर ताईकडे. धाकटी दिवसभर बाहेर असते, तिच्याकडे नको. मी म्हणत होते, ताईकडे, अगदीच नाही तर माझ्याकडे. पण दादाकडे नको, तिथे लिफ्ट नाही. आणि तू (मुख्याध्यापिका होतीस, त्यामुळे सभा चालवण्याचा मान आपोआप तुझा) विचारलंस, आधी सांगा, माझ्याकडे की दादाकडे? दादानं दादाकडे म्हटलं. तूही दादाकडे म्हटलंस! स्वतःच्या घराविरुद्ध हात वर केलास, तेव्हा मनात मी काय काय म्हटलं ते लिहीत नाही. मग तू विचारलंस, दादाकडे की धाकटीकडे? तू माझ्याकडे म्हणालीस, आणि त्या चार मजल्यांच्या धास्तीनं मीही माझ्याचकडे म्हटलं. झालं! पण ‘ताईकडे की धाकटीकडे’ हे तू विचारलंच नाहीस. विचारलं असतंस, तर दादा आणि मी, दोघांनी तुझ्याकडे म्हटलं असतं आणि आई आज तुझ्याकडे असती. माझ्याच हातानं तू मला चीत केलंस! वर मी त्या दिवशी तुला ‘किती छान सभा घेतलीस’ म्हणाले होते.

मी मॅडमना विचारलं, याला फसवणूक म्हणतात ना? त्या म्हणाल्या, नियम एकही मोडलेला नाही. (इथेही उत्तर नाही!) उलट पुढच्या वर्षी वर्गात हे उदाहरण घेऊ का, म्हणून परवानगी मागितली. ताई, आपलं घर अभ्यासक्रमात चाललंय. तू असं करशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही, पण गणित समोर आहे, त्याला मी काय करू?

भाऊजींना नमस्कार सांग. रागावलेली, पण तुझीच,

धाकटी

ता.क. – तर या रविवारी दादाला घेऊन ये. मतदान पुन्हा होईल आणि क्रम मी ठरवीन. आधी माझ्याकडे की दादाकडे, मग जे ठरेल ते की तुझ्याकडे. निकाल काय लागेल ते तुला कळलंच असेल. आईचं सामान मी बांधून ठेवते.

ता.क. २ – आईनं हे पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. मी नको नको म्हणत होते, पण ‘एवढं काय खरडतेस’ म्हणून हटूनच बसली. सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘मोठीला कशाला बोल लावतेस? तिला मीच सांगितलं होतं, धाकटीचं शेवटी विचार म्हणून. तोवर सगळ्यांना भूक लागलेली असते, कुणी फार ताणत नाही.’ तिनं तुझ्याकडेच राहावं म्हणून तू तिला विनवत होतीस, हेही तिनंच सांगितलं. मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. शेवटी विचारलं, माझ्याकडेच का? म्हणाली, ‘मोठी मला गादीवरून उठू देणार नाही. दादाकडे सगळे हो ला हो करतात. तू भांडतेस. भांडायला कुणी असलं की बरं वाटतं.’ मग सरळ मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, ‘मी मागितलं असतं तर तुला नाही म्हणता आलं नसतं. तसलं हो मला नको होतं. तुझा हात तुझा तू वर करायला हवा होतास.’ ताई, तू इतके महिने माझे टोमणे ऐकून घेतलेस आणि एका शब्दानं बोलली नाहीस? कसली गं तू!

ता.क. ३ – मतदान रद्द. तरी रविवारी या. सामान बांधायला म्हणून मी आईचं कपाट उघडलं, तर आत कपड्यांचे दोनच जोड निघाले. बाकी सगळं तुझ्याकडे पेटीत आहे म्हणे. मी समजत होते, तिला लागतंच तेवढं. विचारलं, पेटी का नाही आणवलीस? म्हणाली, ‘तू ठेवून घेतेस की नाही ते बघत होते.’ येताना पेटी घेऊन ये. रविवारपर्यंत थांबू नकोस, जमलं तर उद्याच पाठव.