बद्री ग्रीक पिझ्झाचा उंबरठा

मी, सत्यभामा बद्रीनाथ बागल, वय अडुसष्ट, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे आज ठरवून ठेवते. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उजवा हात मार्चपासून चालत नाही, म्हणून मी सांगते आणि शेजारचे व्यंकटराव पारनेरकर लिहून घेतात. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही.

१. मिळकत एवढीच: खाली 'बद्री ग्रीक पिझ्झा' हे दुकान, वर दोन खोल्या. जिना बाहेरून आहे. जागा मी माहेरच्या हिश्श्यातून घेतली, माझ्या एकटीच्या नावावर.

२. पती बद्रीनाथ एका ग्रीक मालकाच्या जहाजावर अकरा वर्षे भटारखान्यात होते. त्या काळात त्यांनी मला सोळा पत्रे पाठवली. त्यातली बारा पिठाविषयी होती. परतताना सात खोल लोखंडी तवे आणि तिथल्या आचाऱ्याची रीत घेऊन आले. मळलेला मैदा तेलाने माखलेल्या तव्यातच फुगू द्यायचा, म्हणजे पिझ्झा खालून तळल्यासारखा होतो. वर कांदा, ऑलिव्ह आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेले शेळीच्या दुधाचे चीज. दुकान सुरू झाल्यावर चार वर्षांनी ते वारले. पुढची एकवीस वर्षे दुकान मी चालवले. दुकानात खुर्ची नाही. घ्यावे आणि जावे.

३. दूध पडेगावच्या कडूबाईंचेच घ्यावे. माझा मुलगा विश्वजीत म्हणायचा, "आई, ह्या चीजला बोकडाचा वास येतो." कडूबाई त्याच्यासमोरच म्हणाल्या, "बाई, तुमचं पोरगं नाक दाबून दूध घेतं. माझ्या शेळीला बी त्याचा वास सहन व्हत नाय, पर ती बोलत नाय." कडूबाईंना माझ्या दोन इरकली साड्या द्याव्यात. आभार मानू नयेत, त्यांना आवडत नाही.

४. मार्चमध्ये मला झटका आला. बारा दिवस दवाखान्यात होते. दुसऱ्या रात्री डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घेतले. तिसऱ्या दिवशी सून राजनंदिनीने दुकान उघडले. विश्वजीत म्हणाला, "बंद ठेव म्हणलो ना?" ती म्हणाली, "पीठ फुगलंय. फेकू का?" आदल्या रात्री ते तिनेच मळले होते. हे मला कडूबाईंकडून कळले.

घरी आल्यावर आठव्या दिवशी मला उन्हात बसायला गच्चीवर नेले. तिथे राजनंदिनीने पिझ्झ्यावर घालायची ओव्याची पाने एका फ्लेक्सवर वाळत घातली होती. वाऱ्याने कोपरा उलटला. खाली माझा डोळा दिसला. पाने बाजूला करून फ्लेक्स उलटायला लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो राजनंदिनीच्या लग्नातला. त्यात मी हसते आहे. तारखेची जागा मोकळी. विश्वजीतने घाई केली, आणि मी मेले नाही तेव्हा तो फ्लेक्स फाडला नाही. चांगला फ्लेक्स आमच्याकडे कोणी टाकून देत नाही.

खाली 'शोकाकुल' म्हणून तीन नावे होती: विश्वजीत, राजनंदिनी, आणि 'न्यू तुळजाई मोबाइल शॉपी, पुंडलिकनगर'. पुंडलिकनगरात त्या नावाचे दुकान नाही.

मी विश्वजीतला विचारले, "हे दुकान कुठंय?"

"आई, डॉक्टरनं हात टेकले व्हते."

"दुकान कुठंय?"

"आपली जागा विकून तिथं होणार व्हतं."

राजनंदिनी तिथेच उभी होती. म्हणाली, "आई, मी उलटाच अंथरला. वाचला नाय." मी तिच्यावर विश्वास ठेवला आहे. माझ्या दहाव्याला तोच फ्लेक्स चौकात लावावा. तारीख घालावी. तिसरे नाव खोडू नये.

५. वरच्या दोन खोल्या विश्वजीतला.

६. दुकान, भट्टी, सातही तवे राजनंदिनीला. अट एक: विश्वजीतने दुकानाचा उंबरठा कधीही ओलांडू नये, गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा नाही. पिझ्झ्याचा वास वर जाईल, तेवढा त्याने घ्यावा. तिने त्याला एकदा जरी आत घेतले, किंवा ही अट नाकारली, तर दुकान विश्वजीतचे होईल. तो ते विकेल. हे तिला माहीत आहे.

७. एप्रिलपासून विश्वजीत सकाळ-संध्याकाळ माझा उजवा हात तिळाच्या तेलाने चोळतो. "आई, बोट हललं बघ," म्हणतो. बोट हललेले नसते. हे तो मायेने करतो की दुकानासाठी, मला ठरवता येत नाही. माया असली तरी कलम सहा बदलायचे नाही. इथे व्यंकटरावांनी लेखणी खाली ठेवली. मी म्हणाले, लिहा. आज साक्षीसाठी कडूबाईंना पडेगावहून गाडीवरून विश्वजीतनेच आणले. तो खाली बसला आहे.

८. व्यंकटरावांनी हा कागद अमलात आणावा.

९. कलम सहा मी काल राजनंदिनीला तोंडी सांगितले. ती रडली. म्हणाली, "आई, एका घरात ऱ्हायचं आन् ह्यांना दारातून माघारी कसं पाठवू?" मी म्हणाले, "पहिल्या दिवशी जड जातं. नंतर हात पिठात असला की मान वर करावी लागत नाही." तिने अट काढायला सांगितली. मी नाही म्हणाले. मग ती उठली, पदराने तोंड पुसले, दाराकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, ह्ये त्यांना आत्ता सांगू नका."

हे वाक्य तिची संमती म्हणून धरावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा उठवते, आणि त्यांनी माझ्यासमोर आपली खूण करावी.

सत्यभामा बद्रीनाथ बागल (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार
१. व्यंकटराव दत्तात्रय पारनेरकर, पुंडलिकनगर (सही)
२. कडूबाई रामभाऊ शिंगारे, पडेगाव (अंगठा)

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५