मंगळावर निघालेल्या मुलीचं माप

तळोदा

आदरणीय अख्तर आपांना धाकट्या कय्युमचा सलाम. तुमचा गुडघा आता पुण्याचे जिने चढू देतो का? आम्ही सगळे खुशाल आहोत, ही ओळ मात्र रिवाज म्हणून लिहिली आहे. (पत्र मराठीत, कारण शगुफ्ताला मराठी वाचता येत नाही, आणि आपला नवरा किती घाबरट आहे हे तिला इतक्या वर्षांनी कळायला नको.)

तर आपल्या गजालाने एमएस्सीनंतर अभ्यासाला विषय घेतलाय: माणूस मंगळावर राहिला तर शरीराचं काय होईल. जेवताना ती निवांत सांगते, की तिकडे वजन निम्म्याहून कमी भरतं, हाडं विरत जातात, वाटेतच पाठीचा कणा ताणून उंची वाढते, नजरही अधू होऊ शकते. मी घास हातात धरून ऐकतो. काल म्हणाली, तिकडे जन्मलेलं मूल इथे कदाचित पायावर उभंच राहणार नाही. आपा, मला फार भीती वाटते. म्हणजे माझी नातवंडं तळोद्याला यायचीच नाहीत?

आज तिच्या कुर्त्यासाठी माप घेतलं, तर वहीतल्या ईदच्या मापापेक्षा उंची पाऊण इंच जास्त. बाविसाव्या वर्षी! शगुफ्ताला मापलं, तीही वाढलेली. तेवढ्यात ब्राह्मणपुरीचे दोधूआबा पायजमा शिवून घ्यायला आले (वय सत्तर), तेही अर्धा इंच लांब. मी घाबरून त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी ते तळोदाले बी महिनामा एकदाव येस. मंगळवर कसाले जासू?"

मग आठवलं. जुनी टेप वापरून वापरून ताणली होती, म्हणून वहीत सगळं गाव आखूड लिहिलेलं. नवी मी परवाच आणली. टेपचा उलगडा झाला, भीती मात्र तिथेच आहे.

तुमचा,
कय्युम

ता. क. गजाला म्हणते, अब्बा, मी फक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम करणार आहे, मंगळ त्यांनाही दिसणार नाही. ते मलाही कळतं. पण दर ईदला येईन असं सांगून पुण्याला गेलेल्या तुम्ही एकवीस वर्षांत तीनदा आलात. तिला तुमच्याच घरी ठेवून घ्या.

आणखी ता. क. कुर्त्याच्या शिवणीत सगळीकडे तीन बोटं कापड आत सोडलंय. तो तिला घट्ट किंवा आखूड झाला, तर तिथल्या टेलरकडे देऊ नका. तिला कुर्त्यासकट इकडे पाठवा.