आबांचा माईक

आबा, आमच्या ग्रुपमधला ड्रमवाला परवा घरी आला होता. डोक्यावर आता एक केस उरलेला नाही, पण मांडीवर ठेका धरायची खोड तशीच आहे. आमच्या बँडवर स्मरणिका काढायची म्हणतो, आणि तुमच्यावर दोन पानं मी लिहायची. 'लाल कोटातले आबा' असं नावसुद्धा त्यानं ठरवून टाकलंय. ती दोन पानं मी काल लिहून दिली. वडिलांचा आशीर्वाद, घरातली परंपरा, सगळं व्यवस्थित घातलंय. वाचून तुम्ही पचकन थुंकला असता. म्हणून हे दुसरं लिहायला बसलोय.

तुम्ही चांगले बाप नव्हता, हे आधी लिहून टाकतो. तुमचा लग्नाचा बँड होता, बारा माणसांचा, आणि सगळ्यांच्या पुढे क्लॅरिनेट घेऊन तुम्ही. मी दहा वर्षांचा झालो आणि तुम्ही माझ्या गळ्यात ड्रम अडकवला. मंगळवार पेठेतल्या एका वरातीत माझा ठेका चुकला. तुम्ही वरात थांबवलीत, क्लॅरिनेट काखेत धरलंत आणि नवऱ्या मुलाच्या घोड्यासमोर माझ्या कानाखाली आवाज काढलात. "हात हाय का खुरपं?" बघणाऱ्यांत माझ्या वर्गातली पोरं होती. शाळा संपेपर्यंत पोरांसाठी मी खुरपंच राहिलो. घरी आल्यावर चुलीपुढे भाकरी मोडताना मी म्हणालो, त्या गोंगाटात मला माझंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "आयकायचं कशाला? वरातीत आपलं आपल्याला कधीच आयकू येत न्हाय. बोटांस्नी ठाऊक असतंय. वाजवत ऱ्हायाचं." तुमच्याकडून मी एवढी एकच गोष्ट नीट शिकलो, आणि तीच तुमच्यावर वापरली.

कॉलेजात आम्ही चौघांनी बँड काढला. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत, आपली आपण करायची, असं ठरवूनच काढला. गिटार माझी, गाणारा मी. बेस गिटार एका सुताराकडून करून घेतली. अँप्लिफायर रेडिओ दुरुस्तीवाल्यानं जोडून दिला, त्यात मध्येच आकाशवाणीच्या बातम्या लागायच्या. तालीम तुमच्याच खोलीत, खिळ्यांना टांगलेल्या लाल कोटांखाली. तुम्ही दारात उभे आहात, गालात तंबाखू. "चार टाळकी आणि एवढा कालवा. बँड म्हंत्यात व्हय ह्याला?" पण गणपतीत मंडळं आम्हाला बोलवायला लागली. मग गडमुडशिंगी, इचलकरंजी, निपाणी, बेळगाव. पोरं आमच्या गाण्यांचे शब्द पाठ म्हणायला लागली. आणि त्याच दोन-तीन वर्षांत तुमचा बँड बसला. लोक वरातीपुढे जीपवर कर्णे बांधून रेकॉर्ड लावायला लागले, तुमची माणसं एकेक करून फौंड्रीत लागली, आणि तुम्ही दिवसभर कॉटवर बसून क्लॅरिनेट पुसायला लागलात. आई मला म्हणाली, "त्यांस्नी घ्या की तुमच्यात. माणूस वाळत चाललंय."

घेतलं. पहिल्या कार्यक्रमात तुमचं क्लॅरिनेट सुरू झालं आणि समोरच्या सगळ्या माना माझ्यावरून तुमच्याकडे वळल्या. दुसऱ्या कार्यक्रमापासून मी सोय केली. माईकच्या अंगावर एक बारीक बटण असायचं. "आबा, जरा खाली घेतो," असं म्हणत मी तुमचा माईक नीट करायला यायचो आणि अंगठ्यानं ते बटण बंद करायचो. बघणाऱ्यांना वाटायचं, पोरगा बापाची काळजी घेतोय. तुम्ही लाल कोटात घामाघूम होऊन, डोळे मिटून, गाल फुगवून दोन-दोन तास वाजवायचात, आणि आमच्या गोंगाटातून त्यातलं काही खाली उतरायचं नाही. तुम्हाला कळायचं कारणच नव्हतं. आपलं आपल्याला ऐकू येत नाही याची तुम्हाला जन्मभराची सवय. पोरं तुमच्या कोटाला शिट्ट्या मारायची, तुम्ही त्यांना सलाम ठोकायचात, आणि घरी येऊन आईला सांगायचात, "आज पब्लिक खूश." बाकीच्या तिघांना ठाऊक होतं. आधी ते हसले, नंतर हसेनासे झाले, पण बोललं कुणीच नाही. दोन वर्षं हे चाललं. मला मजा वाटायची, आबा. आज लाज वाटते म्हणून त्या वेळची मजा खोडत नाही.

मग आजरा. शाळेचं मैदान, नुकता अंधार पडलेला. तिसऱ्या गाण्यात लाईट गेली. गिटार मेली, माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जाईना, ड्रमवाला थांबला. तुम्ही थांबत नाही. डोळे मिटलेले आहेत, बोटं चालली आहेत, आणि सगळ्या मैदानात फक्त तुमचं क्लॅरिनेट आहे. माझंच गाणं होतं ते, मी केलेलं, पण ते असं आहे हे मला तेव्हा कळलं. लोक गप्प बसून ऐकत होते. कुणीतरी पेट्रोमॅक्स आणून स्टेजवर ठेवला. गाणं संपलं, तुम्ही डोळे उघडलेत, तेवढ्यात मागच्या बाजूला बसलेला एक म्हातारा पुढे आला. "पावणं, एवढं झ्याक वाजिवताय, मग मगापासनं नुसतं तोंडाला लावून का हुबा ऱ्हायलासा?" तुम्ही हसता. मग हसू राहतं तिथेच. तुम्ही माईकवरून हात फिरवता, अंगठा बटणापाशी येतो आणि थांबतो. तुम्ही माझ्याकडे बघता. मी खाली मान घालून गिटारच्या तारा लावत बसतो, लाईट नसताना.

परतताना मेटॅडोरमध्ये तुम्ही माझ्या शेजारी होता. गडहिंग्लज मागे पडलं. मग म्हणालात, "लई वंगाळ वाजिवतो व्हय मी आता?" आवाजात राग नव्हता. एक कानाखाली दिली असतीत तर मी सुटलो असतो. मी म्हणालो, "व्हय. बेसूर हुतंय." तुम्ही मान हलवलीत आणि खिडकीबाहेर बघत बसलात.

क्लॅरिनेट तुम्ही ट्रंकेत ठेवलंत आणि पुन्हा काढलं नाहीत. चार महिन्यांत गेलात. तुमच्यामागे आम्ही दोन कार्यक्रम केले. दुसऱ्यानंतर ड्रमवाल्यानं काठ्या पिशवीत भरल्या आणि म्हणाला, "आजऱ्याला तुझं गाणं पहिल्यांदा चांगलं वाजलं, आणि तू त्यात न्हवतास." त्यानंतर आम्ही गावोगाव फिरणं थांबवलं. लोकांना सांगितलं, वडील गेले, मन लागत नाही. ऐकून माणसं हळहळली. स्मरणिकेत मी तेच लिहिलंय. ड्रमवाला ते वाचून डोळे पुसत होता, त्याला स्वतःचं बोलणं आठवत नसावं, किंवा आठवत असेल.

हे कागद मात्र कुणाला दाखवणार नाही. तुम्ही बेसूर नव्हता, आबा. वरच्या पट्टीत मी घसरायचो, आणि शेजारी तुम्ही सुरात असलात की ते लोकांना कळायचं. मेटॅडोरमध्ये तुम्ही विचारलंत, तेव्हाही मला हे ठाऊक होतं.