खोलीभर लाकडी फरशी

३ जून
गोंडपिपरी. दामिनीला माहेरी, मुलचेऱ्याला जाऊन महिना होत आला. हवापालट, बाकी काही नाही. जाताना म्हणाली, "मले ह्या घरात मोकळं वाटत नाई." नीट विचार केला. झोपायच्या खोलीची फरशी उखडलेली आहे. ठरलं. लाकडी फ्लोअरिंग, तेही स्वतःच्या हातानं. ती आली की सरप्राइज.

८ जून
चंद्रपूरहून बोर्ड आणले. भुसा दाबून केलेले, वर सागवानी डिझाइन. दुकानदार सांगून राह्यला होता की पावसाळी हवेत हे फुगतात, भिंतीच्या कडेनं बोटभर जागा सोडा, आणि बसवण्याआधी काही दिवस खोलीतच पडू द्या. ऐकून घेतलं. मी बांधकाम विभागात कारकून आहे. असल्या फाइली रोज माझ्या हाताखालून जातात.

९ जून, सकाळ
जागा सोडली की झुरळं होतात. शिवाय काम कच्चं दिसतं. बोर्ड भिंतीला भिडवून, ठोकून ठोकून बसवतो आहे.

संध्याकाळ
पूर्ण. कडेनं सुई जाणार नाही. दामिनीला फोन केला. उचलला नाही. शेतात असेल. परत केला. परत केला.

३० जून
शेवटी सासूबाईंनी उचलला. दामिनी शिवणक्लासला जाते म्हणे. कोण कोण असतं, कधी सुटतो, कोणासोबत परत येते, एवढंच विचारलं. फोन कटला. तिकडे रेंजचा फार प्रॉब्लेम.

१४ जुलै
झड लागली आहे. खोलीच्या मधोमध फरशी जराशी वर आली. पाय ठेवला की दबते. पायाला बरं वाटतं. तरी वर तांदळाचं पोतं ठेवलं. बसेल.

२१ जुलै
पोतं घसरलं. फुगवटा वाढला. दार आतल्या बाजूला उघडतं, ते त्याला अडतं. मी आडवा होऊन शिरतो. वजन कमी करायचंच होतं.

४ ऑगस्ट
दामिनी आली. न कळवता. सोबत तिचा भाऊ भूपेश. चहा ठेवला आणि म्हटलं, आधी खोली बघ. दार थोडंसं उघडून थांबलं. भूपेशनं खांदा लावून पाहिला. नाही. ती तेवढ्यातून आत पाहत राहिली. मी सगळं समजावून सांगितलं. दुकानदार काय म्हणाला, आणि मी जागा काऊन सोडली नाही तेही.

"त्यानं तुमाले सांगतलं होतं," ती म्हणाली. "मीबी सांगतलं होतं."

म्हटलं, तू फरशीबद्दल कधीच काही बोलली नाहीस. तिनं भूपेशकडे पिशवी दिली. मग म्हणाली, कपडे न्यायला आली आहे. कपाट आत. मी कसाबसा शिरलो आणि दारातून एक एक साडी बाहेर दिली. ती घेत होती, भूपेश पिशवीत भरत होता. शेवटची दिल्यावरही मी हात बाहेर धरून उभा होतो. कपबशी तिनं धुऊन ठेवली. गेले.

५ ऑगस्ट
करवतीनं चारही भिंतींच्या कडेचे बोर्ड बोटभर कापले. फुगवटा बराच खाली बसला. दार आता पूर्ण उघडतं. आत गेलो. बाहेर आलो. परत आत गेलो. ऑफिसला उशीर झाला. कोणी काही विचारलं नाही.